उपासना आणि उपजीविका : रेव्हरंड जॉन न्यूटन यांचें चरित्र

धर्माचा आणि पोटापाण्याच्या धंद्याचा संबंध काय, हा प्रश्न जितका जुना, तितकीच तो टाळण्याची माणसाची हातोटीही जुनी आहे. देवघरांतून उठलें कीं दुकानांत जावें, दुकानांतून उठलें कीं पुन्हां देवघरांत यावें, आणि एका जागीं केलेल्या कर्माचा हिशेब दुसऱ्या जागीं कोणी मागूं नये, अशी सोईची वांटणी बहुतेक सर्व समाजांनीं करून ठेविली आहे. अशी वांटणी करणारे सगळेच ढोंगी असतात असें मात्र नाहीं. ढोंग्याचा प्रश्न सोपा आहे. त्याचें सोंग आज ना उद्यां उघडें पडतें. खरी अडचण प्रामाणिक भाविकाची आहे. ज्याची प्रार्थना खरी, ज्याच्या डोळ्यांतील अश्रू खरे, असा मनुष्य आपल्या अन्नाच्या मुळाशीं असलेला अन्याय वर्षानुवर्षें पाहूं शकत नाहीं, ही गोष्ट कोणत्याही धर्माच्या अभिमान्यानें शांतपणें विचारांत घेण्याजोगी आहे. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमधील एक धर्मोपदेशक रेव्हरंड जॉन न्यूटन यांचें चरित्र या दृष्टीनें आम्हांस फार बोधप्रद वाटतें. म्हणून तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

न्यूटन यांचें नांव ज्यांस ठाऊक नसेल त्यांनींही 'अमेझिंग ग्रेस' या त्यांच्या पदाची चाल कोठें ना कोठें ऐकिली असेल. या पदाच्या मागें एक आख्यायिका लोकांनीं जोडून दिली आहे. ती अशी कीं, गुलामांच्या जहाजाचा एक निर्दय कप्तान भर समुद्रांत वादळांत सांपडला, त्यानें देवाचा धांवा केला, त्याच रात्रीं त्यास पश्चात्ताप झाला, आणि गुलामांचा व्यापार सोडून तो धर्मोपदेशक झाला. कथा गोड आहे. परंतु ती खरी नाहीं. वादळ झालें तें १७४८ सालीं, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध न्यूटन यांनीं पहिला जाहीर शब्द लिहिला तो १७८८ सालीं. मधलीं चाळीस वर्षें आख्यायिकेनें गिळून टाकिलीं आहेत, आणि आमच्या मतें साऱ्या चरित्राचें सार त्या चाळीस वर्षांतच आहे.

न्यूटन यांचा जन्म १७२५ सालीं लंडनांत थेम्स नदीच्या कांठच्या वॉपिंग या वस्तींत झाला. बाप भूमध्य समुद्रांत व्यापारी जहाजें नेणारा कप्तान होता. आई सरकारी चर्चपासून वेगळ्या राहिलेल्या पंथाची, मोठी भाविक स्त्री होती. तिनें मुलास अगदीं लहानपणीं बायबलांतील वचनें व भक्तिगीतें पाठ करविलीं. परंतु मुलाला सात वर्षें पुरीं होण्यापूर्वींच ती क्षयानें मरण पावली. अकराव्या वर्षीं बापानें त्यास समुद्रावर नेलें. पुढें संगत बिघडली, श्रद्धा गेली, आणि तोंडास शिव्याशापांचें वळण लागलें. त्या काळीं इंग्रजी आरमारास खलाशी कमी पडले म्हणजे रस्त्यांतून तरुणांस जबरीनें धरून नेण्याची चाल होती. तीप्रमाणें १७४४ सालीं न्यूटन यांस 'हारविच' या लढाऊ जहाजावर नेण्यांत आलें. तेथून ते पळाले, धरले गेले, सर्वांसमक्ष फटके खाल्ले आणि हुद्दाही गमावून बसले. पुढच्या वर्षीं अदलाबदलींत त्यांची रवानगी आफ्रिकेकडे जाणाऱ्या एका व्यापारी जहाजावर झाली, आणि गुलामांच्या व्यापाराशीं त्यांचा प्रथम संबंध आला.

सिएरा लिओनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या पदरीं ते राहिले. तेथें त्यांची दशा गुलामांहून फारशी निराळी नव्हती. ते तापानें पडले असतां त्यांच्याकडे कोणी पाहीना; अंगावर धड वस्त्र नाहीं, पोटास पुरेसें अन्न नाहीं. त्या हालांतही भूमितीचें एक पुस्तक त्यांनीं जवळ बाळगिलें होतें, आणि समुद्रकांठच्या वाळूंत काडीनें आकृत्या काढून ते त्यांतील सिद्धांत सोडवीत. परंतु त्या दिवसांतील जी गोष्ट वाचकांनीं मुद्दाम लक्षांत ठेवावी ती ही कीं, साखळदंडांत जखडलेले काळे गुलाम आपल्या तुटपुंज्या शिध्यांतून चोरून घांसभर अन्न या गोऱ्या पोरास आणून देत. ही हकीकत न्यूटन यांनीं स्वतःच पुढें लिहून ठेविली आहे. ज्यांच्या हातचें अन्न खाऊन तो वांचला, त्यांच्याच जातभाईंस विकून त्यानें पुढें कित्येक वर्षें पोट भरलें.

बापाच्या ओळखीच्या एका जहाजमालकानें शोध करविला, आणि 'ग्रेहाउंड' नांवाच्या जहाजानें त्यांची त्या किनाऱ्यावरून सुटका केली. इंग्लंडकडे परत येत असतां १७४८ च्या मार्चांत उत्तर अटलांटिकांत भयंकर वादळ झालें. जहाजाची एक बाजू फुटली, एक खलाशी वाहून गेला, आणि न्यूटन तासचे तास पंपावर पाणी उपशीत राहिले. त्या वेळीं कित्येक वर्षांत प्रथमच त्यांच्या तोंडून देवाचें नांव प्रार्थना म्हणून निघालें. मोडकें जहाज कसेंबसें आयर्लंडच्या किनाऱ्यास लागलें. त्या दिवसाचें स्मरण न्यूटन यांनीं पुढें जन्मभर दरवर्षीं उपासनेनें पाळिलें.

आतां याच्यापुढचा भाग ऐकावा. ज्याच्या हृदयांत देवाचा असा प्रवेश झाला, तो त्याच वर्षीं 'ब्राउन्लो' या गुलामवाहू जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून निघाला. १७५० सालीं लहानपणापासून मनांत भरलेल्या मेरी कॅटलेट या मुलीशीं त्याचें लग्न झालें, आणि त्याच वर्षापासून १७५४ पर्यंत गुलाम नेणाऱ्या जहाजांचा कप्तान म्हणून त्यानें तीन सफरी केल्या. या सफरींत रविवारीं दोन वेळां खलाशांस जमवून चर्चच्या प्रार्थनापुस्तकांतील उपासना तो स्वतः चालवी. खलाशांचीं व्यसनें सुटावींत म्हणून झटे, बायकोस प्रेमळ व भक्तिपर पत्रें लिही, एकांतांत ध्यान करी. त्याच कप्तानाच्या रोजनिशींत, कांहीं गुलाम बंड करणार आहेत असा वहीम आल्यावरून मुलांस बेड्या घालून त्यांचे अंगठे स्क्रूच्या चापांत पिळल्याची नोंद आहे. फळ्यांच्या वर प्रार्थना आणि फळ्यांच्या खालीं बेड्या! आणि या दोहोंत कांहीं विसंगति आहे, अशी शंका या माणसाच्या मनास त्या वेळीं शिवल्याचें दिसत नाहीं.

असें कां झालें, याचें उत्तर केवळ त्या एका माणसाच्या स्वभावांत शोधणें रास्त होणार नाहीं. तो व्यापार कायदेशीर होता, प्रतिष्ठित होता, आणि लिव्हरपूल व ब्रिस्टल या शहरांची भरभराट त्यावर झाली होती. चर्चची स्थिति तरी काय निराळी होती? परदेशांत शुभवर्तमानाचा प्रसार करण्यासाठीं निघालेल्या अँग्लिकन संस्थेस बार्बाडोस बेटावर उंसाचे मळे मृत्युपत्रानें मिळाले होते, आणि त्या मळ्यांवर शंभराहून अधिक वर्षें गुलाम राबत होते. व्यासपीठावरून जेथें त्या पापास नांवच मिळत नव्हतें, तेथें मनांत त्याचा उच्चार होणें कठीण होतें. न्यूटन यांनीं तो धंदा सोडला, तोही सदसद्विवेकबुद्धीच्या टोंचणीनें नव्हे. १७५४ सालीं चौथ्या सफरीच्या तोंडावर त्यांस एकाएकीं झटका आला, ते बेशुद्ध पडले, आणि वैद्यांनीं समुद्रप्रवास वर्ज्य सांगितला, म्हणून त्यांनीं तो सोडला. याच सुमारास ते केवळ आपल्या धंद्यास कंटाळले होते, इतकेंच फार तर म्हणतां येईल.

१७५५ सालीं लिव्हरपूल बंदरांत जकातीच्या खात्यावर त्यांस नोकरी मिळाली. तेथें नऊ वर्षें असतां ग्रीक व हिब्रू या भाषा त्यांनीं आपल्या आपण संपादन केल्या, आणि व्हाइटफील्ड व वेस्ली यांसारख्या धर्मजागृति करणाऱ्या उपदेशकांचा सहवास जोडला. धर्मोपदेशकाची दीक्षा घ्यावी असें मनांत येऊन त्यांनीं अर्ज केला. परंतु विद्यापीठाची पदवी नाहीं आणि वेस्लीपंथी लोकांशीं घसट फार, म्हणून बिशपांचीं दारें त्यांस कित्येक वर्षें बंद राहिलीं. शेवटीं लॉर्ड डार्टमथ यांनीं शब्द खर्चिल्यावर १७६४ सालीं लिंकनच्या बिशपांनीं त्यांस दीक्षा दिली, आणि बकिंगहॅमशायर परगण्यांतील ऑल्नी या गांवीं क्युरेट म्हणून त्यांची नेमणूक झाली.

येथें पॅरिश म्हणजे काय हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. इंग्लंडांत प्रत्येक गांव किंवा शहराचा प्रत्येक भाग एकेका चर्चच्या हद्दींत मोडतो. त्या हद्दीस पॅरिश म्हणतात. मुलाचा बाप्तिस्मा त्या चर्चांत, लग्न त्या चर्चांत, आणि मेल्यावर मातीही त्याच चर्चच्या आवारांत. गोरगरिबांच्या पोषणासाठीं कर गोळा करून तो वांटण्याचें कामही त्या काळीं पॅरिशच्याच हातीं असे. म्हणजे गांवचा उपाध्याय, गांवचा शाळामास्तर व गांवचा पंच यांच्या कामांचा थोडथोडा भाग पॅरिशच्या पाळकावर येई. तो भार वाहण्याची इच्छा मात्र सर्वांसच नसे. पुष्कळ व्हिकर उत्पन्न घेऊन दुसरीकडे राहत, आणि अल्प वेतनावर एखादा क्युरेट ठेवीत. ऑल्नीची व्यवस्थाही तशीच होती. मूळ व्हिकर अन्यत्र नोकरीस असून न्यूटन यांस सालीना सुमारें ६० पौंड मिळत.

ऊझ नदीच्या कांठचें हें गांव हातानें लेस विणणाऱ्यांचें होतें. बायका व मुलें अंधाऱ्या, ओलसर घरांत दिवसभर उशीवर वांकून सुताच्या रिळांनीं जाळी विणीत, आणि श्रीमंतांच्या अंगावर शोभणाऱ्या त्या जाळीवर अर्धपोटीं राहत. न्यूटन हे सहा दिवस खलाशाचा जुना कोट घालून घरोघर फिरत. कोणाच्या अंथरुणाशीं बसत, कोणाचें भांडण मिटवीत, कोणास उधारी भागविण्यास मदत करीत. रविवारच्या ठराविक उपासनेखेरीज आठवड्याच्या मध्यें त्यांनीं उपदेश सुरू केले, आणि मुलांसाठीं निराळी सभा भरविली. चर्चमध्यें जागा पुरेनाशी झाली, तेव्हां वर एक सज्जा बांधावा लागला. प्रार्थनासभांकरितां लॉर्ड डार्टमथ यांचा गांवांतील रिकामा वाडा मिळाला. तेथें साधे विणकर व कारागीर आपापल्या शब्दांत उघड प्रार्थना करूं लागले. चर्चमधील उपासना छापील पुस्तकाबरहुकूम चाले, आणि गाण्यास मुख्यतः दाविदाच्या स्तोत्रांचीं पद्यरूपें असत; या वाड्यांतल्या सभांत मात्र सामान्य माणसाच्या सुखदुःखास तोंड फुटलें. लंडनचे एक धनाढ्य व भाविक व्यापारी जॉन थॉर्नटन यांनीं या क्युरेटास सालीना २०० पौंड केवळ गरिबांस व येणाऱ्या-जाणाऱ्यांस जेवूं घालण्यासाठीं द्यावयास आरंभ केला. म्हणजे पाळकाच्या पगाराच्या तिपटीहून अधिक रक्कम त्याच्या दारावरून गरिबांच्या घरीं जाऊं लागली.

१७६७ सालीं विल्यम कूपर हे कवि ऑल्नीस राहावयास आले. त्यांच्या व न्यूटन यांच्या घरांमध्यें एवढी एक बाग आडवी होती. कूपर यांचें मन अतिशय हळवें, आणि वेडाचे झटके त्यांस पूर्वीही येऊन गेलेले होते. दोघांनीं मिळून प्रार्थनासभांसाठीं गीतें रचावयाचें ठरविलें. १७७३ च्या आरंभीं कूपर यांचा आजार उसळला. आपल्यास देवानें कायमचें टाकलें, असा त्यांच्या मनानें घोर ग्रह घेतला. तेव्हां न्यूटन पतिपत्नींनीं त्यांस वर्षभराहून अधिक काळ आपल्या घरीं ठेवून घेतलें, आणि त्यांची शुश्रूषा केली. त्याच १७७३ च्या नववर्षदिनीं दाविद राजाच्या एका प्रार्थनेवर उपदेश करावयाचा म्हणून न्यूटन यांनीं जें गीत रचिलें, तेंच तें जगप्रसिद्ध पद. गांवच्या विणकरांनीं म्हणावें एवढ्याच हेतूनें तें लिहिलें होतें. पुढें १७७९ सालीं दोघांचीं मिळून ३४८ गीतें 'ऑल्नी हिम्स' या नांवानें छापलीं. त्यांतील बहुतेक न्यूटन यांचीं आहेत, आणि साठांहून अधिक कूपर यांचीं. आज ज्या चालीवर तें पद म्हणतात, ती मात्र १८३५ सालीं अमेरिकेंत त्यास जोडली गेली.

ऑल्नीच्या दोन गोष्टी सांगून पुढें जाऊं. शेजारच्या पॅरिशांत थॉमस स्कॉट नांवाचे एक तरुण क्युरेट होते. विद्वत्तेचा अभिमान मोठा. न्यूटन यांच्या भोळ्या उपदेशाविषयीं मनांत तुच्छता. स्कॉट यांच्याच पॅरिशांतील एक पतिपत्नी मरणाच्या पंथास लागलीं असतां हे त्यांच्याकडे फिरकलेही नाहींत, आणि न्यूटन मात्र ऑल्नीहून अनेकदां येऊन त्यांच्या उशाशीं बसून गेल्याचें त्यांच्या कानांवर आलें. वादानें जें साधलें नव्हतें तें या एका गोष्टीनें साधलें. स्कॉट शरमले, आणि त्यांचें पुढचें सारें आयुष्य निराळ्या मार्गास लागलें. दुसरी गोष्ट १७७७ सालची. ऑल्नीस मोठी आग लागून अनेक घरें जळालीं. न्यूटन यांनीं शेंकडों पौंड जमवून पीडितांस वांटले. परंतु आगीच्या भीतीनें त्या सालीं पांच नोव्हेंबरचा दिव्यांचा व होळ्यांचा उत्सव बंद ठेवावा असें ते म्हणूं लागतांच, ज्यांच्यासाठीं ते झिजले त्यांतीलच कांहीं दारुबाज मंडळी त्यांच्या दारावर चालून आली. बायको घाबरली, म्हणून त्यांनीं थोडे पैसे देऊन तो जमाव परतविला. लोकांची सेवा करणारास लोकांचा रोषही सोसावा लागतो, हा अनुभव सुधारणेच्या कामीं पडलेल्या कोणासही नवा वाटणार नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. ऑल्नीच्या या सोळा वर्षांत न्यूटन दयाळू, निरलस व लोकप्रिय पाळक झाले, याविषयीं वाद नाहीं. तथापि १७६४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मवृत्तांत त्यांनीं शिव्याशाप, नास्तिकपणा व व्यभिचार या पातकांबद्दल रडून क्षमा मागितली, पण गुलामांचा व्यापार हें पातक म्हणून गणलें नाहीं. १७७३ च्या त्या गीतांत गाणारा स्वतःस पतित म्हणवितो. पण ज्यांस त्यानें विकलें त्यांचा उल्लेखही त्यांत नाहीं. काळच तसा होता, असें म्हणून ही गोष्ट सोडून देतां येणार नाहीं. क्वेकर पंथाचे लोक आपल्यांतील गुलामधन्यांस पूर्वींच बजावूं लागले होते. १७७२ सालीं ग्रॅनव्हिल शार्प यांच्या खटपटीनें लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं सॉमरसेट या काळ्या गुलामास बंधमुक्त करण्याचा निवाडा दिला होता. १७७४ सालीं खुद्द वेस्ली यांनीं गुलामगिरीवर कडक पुस्तिका लिहिली होती. ऑल्नींत हीं वर्तमानें पोंचत नव्हतीं असें नाहीं. परंतु देव आणि आपला आत्मा एवढ्या दोघांतच धर्म आटोपतो अशी ज्याची समजूत, त्यास तिसरा मनुष्य दिसण्यास वेळ लागतो.

१७८० सालीं थॉर्नटन यांच्या आश्रयानें न्यूटन लंडनच्या ऐन पेढीवाल्यांच्या वस्तींतील सेंट मेरी वुल्नॉथ या चर्चचे रेक्टर झाले. १७८५ च्या डिसेंबरांत विल्यम विल्बरफोर्स हे पार्लमेंटचे तरुण सभासद लोकांच्या नजरा चुकवीत त्यांच्या भेटीस आले. धर्माची नवी ओढ लागल्यामुळें राजकारण सोडून द्यावें कीं काय, या विवंचनेंत ते होते. न्यूटन यांनीं त्यांस संन्यासाचा उपदेश केला नाहीं. जेथें आहां तेथेंच राहून देवाचें काम करा, असा सल्ला दिला. आमच्या मतें न्यूटन यांच्या हातून झालेल्या लोकसेवेंत ही एक मोठी सेवा होय. दोनच वर्षांत विल्बरफोर्स यांनीं गुलामांच्या व्यापाराविरुद्ध चळवळीचें पार्लमेंटांतील पुढारीपण पत्करलें.

आणि मग १७८८ सालीं, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं, न्यूटन यांनीं आपलें मौन सोडलें. आफ्रिकेंतील गुलामांच्या व्यापारावर त्यांनीं एक पुस्तिका छापली. तिच्या आरंभींच त्यांनीं कबूल केलें कीं, ही कबुली फार उशिरा येत आहे, जें झालें तें तिनें भरून येणार नाहीं, आणि ज्या धंद्यांत आपण एके काळीं कार्यकर्ते होतों त्याच्या स्मरणानें आतां अंतःकरण थरारतें. पुढें मात्र विलाप नाहीं, हिशेब आहे. सुमारें १०० टनांच्या जहाजावर २२० ते २५० गुलाम भरीत. ज्या कोठड्यांत त्यांस कोंबीत त्यांची उंची पांच फुटांच्या आसपास, आणि तींतही मध्यावर फळी मारून दोन थर करीत. कपाटांत पुस्तकें लावावींत तशीं माणसें शेजारीं शेजारीं दाबून निजवीत. रोज सकाळीं एकाच बेडींत अडकलेल्या दोघांपैकीं एक जिवंत व एक मेलेला आढळे. बायकांची विटंबना, बंडखोरांस दिलेल्या यातना, आणि खलाशांच्या मनाचा होणारा अधःपात, हें सर्व त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेल्या साक्षीदारासारखें मांडलें. चळवळीच्या कमिटीनें ती पुस्तिका पार्लमेंटाच्या सभासदांस वांटली. त्याच वर्षीं प्रिव्ही कौन्सिलपुढें, आणि १७९० सालीं कॉमन्स सभेच्या कमिटीपुढें न्यूटन यांनीं साक्ष दिली. व्यापाराचे कैवारी म्हणत कीं, हीं सर्व घरबशा परोपकाऱ्यांचीं मनोराज्यें आहेत. परंतु ज्यानें स्वतः माणसें विकत घेतलीं त्या कप्तानाच्या साक्षीस उत्तर देणें त्यांस जड गेलें. ऑल्नीचे जुने सोबती कूपर यांनींही त्याच सुमारास गुलामांच्या बाजूनें कविता लिहून दिल्या.

१७९० च्या अखेरीस पत्नी वारली. पुढें दृष्टि गेली, स्मृति डळमळूं लागली, तरी १८०६ पर्यंत ते व्यासपीठावर उभे राहत. विल्बरफोर्स यांचीं बिलें पार्लमेंटांत पुन्हां पुन्हां पडत राहिलीं. शेवटीं २५ मार्च १८०७ रोजीं गुलामांचा व्यापार बंद करणाऱ्या कायद्यास राजाची संमति मिळाली, आणि त्याच वर्षीं २१ डिसेंबरला, ब्यायशीं वर्षांचे होऊन, न्यूटन यांनीं देह ठेविला. आपल्या थडग्यावरील लेख त्यांनीं स्वतःच लिहून ठेविला होता. त्यांत आफ्रिकेंत गुलामांचा चाकर होतों, हें नमूद करावयास ते विसरले नाहींत. १८९३ सालीं त्यांच्या व पत्नीच्या अस्थि लंडनहून ऑल्नीस नेऊन तेथील चर्चच्या आवारांत पुरल्या. व्यापार बंद झाला तरी गुलामगिरी राहिलीच होती. ब्रिटिश वसाहतींतून ती उठविणारा कायदा १८३३ सालीं झाला, आणि त्यांतून वगळलेल्या कंपनी सरकारच्या हिंदुस्थानांत गुलामीस कायद्याची मान्यता नाहीं असें ठरावयास १८४३ साल उजाडलें.

या चरित्राचा एक धागा आमच्या नाशिकापर्यंत येऊन पोंचतो, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. १७८३ सालीं न्यूटन यांनीं कांहीं मित्रांसह लंडनांत एक चर्चामंडळ स्थापिलें होतें. त्याच मंडळांतील विचारविनिमयांतून १७९९ सालीं चर्च मिशनरी सोसायटी निघाली, आणि तिचे पहिले चिटणीस झाले ते वर सांगितलेले थॉमस स्कॉट. या सोसायटीनें १८३२ सालीं नाशकास ठाणें केलें, आणि पुढें नाशकाजवळ शरणपूर ही वस्ती बसविली. अरबी समुद्रांत गुलाम नेणाऱ्या गलबतांवरून इंग्रजी आरमारानें सोडविलेलीं आफ्रिकन मुलें मुंबईस उतरविलीं जात. त्यांतील कित्येकांस शरणपुरास ठेवून विद्या व हस्तकौशल्य शिकविलें. त्यांपैकीं जेकब वेनराइट हा तरुण प्रसिद्ध प्रवासी लिव्हिंग्स्टन यांच्या शोधार्थ आफ्रिकेंत गेला. १८७३ सालीं लिव्हिंग्स्टन तेथें मरण पावले, तेव्हां त्यांच्या काळ्या सोबत्यांनीं त्यांचें हृदय झाडाखालीं पुरलें, आणि चर्चच्या प्रार्थनापुस्तकांतील अंत्यविधि वाचला तो नाशकास शिकलेल्या या जेकबनें. जें प्रार्थनापुस्तक एका कप्तानानें बेड्यांवर उभें राहून वाचिलें, तेंच सव्वाशें वर्षांनीं बेड्यांतून सुटलेल्या एका मुलानें वाचिलें. पुस्तक बदललें नव्हतें. वाचणाराची जागा बदलली होती. त्याच १८७३ सालीं पुण्यास जोतीराव फुले यांनीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक, अमेरिकेंत गुलामांस मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण करून प्रसिद्ध केलें, आणि हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा नसून आमच्या उंबऱ्यावरचा आहे, हें दाखवून दिलें.

न्यूटन यांस संत ठरवून त्यांची पूजा करावी, किंवा ढोंगी ठरवून त्यांस झिडकारावें, या दोन्ही गोष्टी आम्हांस गैर वाटतात. कारण दोन्हींत आपली स्वतःची सुटका आयती होते. उपासना मनुष्याचें मन मऊ करिते. परंतु मऊ झालेल्या मनानें पाहावें कोठें, हें त्यास कोणी तरी दाखवावें लागतें. तें दाखविण्याचें काम मंडळीचें आहे, उपदेशकाचें आहे, कीर्तनकाराचें आहे, वृत्तपत्राचेंही आहे. चाळीस वर्षें ऑल्नीच्या किंवा लंडनच्या कोणत्याही मंडळीनें आपल्या लाडक्या पाळकास त्याच्या जुन्या धंद्याचा जाब विचारिला असता, तर ती पुस्तिका इतकी उशिरा निघती ना, आणि त्या अवधींत जे हजारों जीव फळ्यांखालीं गुदमरले त्यांतील कांहीं तरी वांचते.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं व्यापारी आपल्या वह्यांची पूजा करितात. वहीवर हळदकुंकू पडतें, फूल पडतें. परंतु तींतील प्रत्येक रकमेमागें कोणाचा घाम आहे, आणि त्याचें मोल त्यास पुरें पोंचलें कीं नाहीं, हें उघडून वाचण्याचा परिपाठ आम्हीं पाडून घेतला नाहीं. ज्या स्नानानें शुचिर्भूत होऊन आम्ही देवापुढें बसतों, त्या स्नानाचें पाणी ज्या गटारांतून वाहतें, तेथें सुरक्षेच्या साधनांवांचून माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्यानें बंदी केली आहे. तरी त्यांत गुदमरून माणसें मरण्याचें थांबलेलें नाहीं, आणि त्यांच्या मरणानें आमच्या पूजेंत खंडही पडत नाहीं. न्यूटन यांनीं उशिरा कां होईना, आपली वही जगापुढें उघडली, त्यांतील आंकडे स्वतःच्या तोंडानें वाचून दाखविले, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभे राहिले. ज्यांच्यापाशीं अशी वही आहे, त्यांनीं ती उघडण्यास चाळीस वर्षें लावूं नयेत, एवढेंच आमचें सांगणें आहे.